सीमाभागातली शाळा, सीमाभागातलं साहित्य आणि भाषांची सरमिसळ

बोरीकाठ

नमस्कार मंडळी,

अक्कलकोट तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत मी शिकवते. शाळा मराठी माध्यमाची, पण वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी कानडी बोलतात. काही घरांत दखनी, म्हणजे इकडची उर्दू. आईवडिलांनी विचार करूनच मराठी शाळा निवडलेली असते. पुढे सोलापूरला कॉलेज, पुण्याला नोकरी, तलाठी भरती, पोलीस भरती, सगळं मराठीतून. त्यांचं काहीच चुकत नाही. प्रश्न आहे तो पहिलीत येऊन बसणाऱ्या सहा वर्षांच्या पोराचा. ते पोर अंगणात तीन भाषांत भांडतं, हसतं, सौदे करतं आणि वर्गात आलं की मुकं होतं.

आधी वर्गातलंच सांगते. दुसरीला अंकलेखन घेत होते. 'बावन्न' म्हटलं, एका मुलीने २५ लिहिले. 'त्रेसष्ट' म्हटलं, तिने ३६ लिहिले. वही बघून कुणीही म्हणेल की हिला एकक-दशक कळलेलं नाही. मी शेजारी बसून 'ऐवत्तेरडु' म्हटलं. तिने क्षणभरही न थांबता ५२ लिहिले. 'अरवत्तमूरु' म्हटलं, ६३. स्थानिक किंमत तिला पक्की येत होती. कानडीत आधी दशक बोलतात, मग एकक, म्हणजे जसं ऐकू येतं तसंच लिहायचं. मराठीत एकक आधी कानावर पडतो आणि दशक आधी लिहावा लागतो. गणित येणाऱ्या मुलीच्या वहीत गणिताच्या फुल्या पडत होत्या, आणि त्याच फुल्यांवरून ती 'मागे पडलेली' ठरणार होती.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. दक्षिणेतल्या भाषांत संख्या अशाच बोलतात, हा त्यांचा एक मुद्दा होता. राज्यभर त्याची थट्टा झाली. आमच्या पट्ट्यातल्या शिक्षकांना मात्र त्यात थट्टा करण्यासारखं काही दिसलं नाही, कारण आमची निम्मी मुलं घरी तसंच मोजतात.

दुसरी गोष्ट लिंगाची. 'बस आलं', 'भाकरी खाल्लं', 'पाऊस पडलं'. नवीन बदलून आलेले शिक्षक हे ऐकून कपाळाला हात लावतात. पण कानडीत निर्जीव वस्तूला स्त्री-पुरुष हा भेद नाही, ती सरसकट नपुंसक. पोरं तोच नियम चोख लावत असतात, त्यांच्या बोलण्यात गोंधळ अजिबात नाही. हे एकदा शिक्षकाला कळलं की शिकवणं सोपं होतं. मी फळ्यावर तीन घरं आखते, तो, ती आणि ते. स्वयंपाकघरातल्या वस्तूंची नावं मुलं कानडीत सांगतात, आम्ही मराठी नाव शोधतो आणि त्या त्या घरात टाकतो. 'कानडीत हे सगळं एकाच घरात राहतं, मराठीत वेगळं राहतं' एवढं सांगितलं की सातआठ वर्षांच्या मुलांना ते पटतं. न सांगता नुसतं 'बस आली म्हण, आली!' असं ओरडत राहिलं, तर ते मूल पुढच्या वेळी बसबद्दल बोलतच नाही.

आता साहित्याकडे येते, कारण माझी खरी तक्रार तिथून सुरू होते. साहित्याने या मिसळीला कधी दाराबाहेर ठेवलं नाही. आमच्या सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजे बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धराम. त्यांची वचनं कानडीत आहेत. संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्याच्या घरी कुठली भाषा बोलतात, हे आजवर कुणी कुणाला विचारलेलं नाही. ज्ञानदेव विठ्ठलाला 'कानडा' आणि 'कर्नाटकु' म्हणतात. एकनाथांच्या हिंदू-तुर्क संवादात हिंदू मराठीत भांडतो आणि तुर्क आपल्या हिंदुस्थानीत, नाथांनी एकाला दुसऱ्याच्या भाषेत बोलायला लावलं नाही. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली, ते बघून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसंच काही मराठीत करायला सांगितलं आणि १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. मराठी रंगभूमीचा इतिहास आपण तिथूनच सांगतो.

कवी द. रा. बेंद्रे तर आमचे जवळचे. घरची भाषा मराठी, कविता कानडी. १९४४ ते १९५६ सोलापूरच्या डी.ए.व्ही. कॉलेजात त्यांनी कानडी शिकवलं, १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं आणि मराठीतही त्यांनी लिहिलं. त्यांच्या कानडी कवितेत धारवाडची बोलती कानडी आहे, ग्रंथातली नव्हे. अशा माणसाने जिथे शिकवलं त्या सोलापुरात मी शिकले आणि आता त्याच जिल्ह्यातल्या शाळेत 'वर्गात फक्त मराठीत बोलावे' असा कागद भिंतीला चिकटवलेला बघते.

कायद्याचंही थोडं. राज्यपुनर्रचनेच्या वेळीच, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने, अनुच्छेद ३५०क आला. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्याने सोय करावी, असं तो सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ शिकवण्याचं माध्यम 'शक्य तिथवर' मातृभाषा असावं म्हणतं. दोन्ही तरतुदी चांगल्या आहेत. पण दोन्हींच्या मनातलं मूल एका भाषेचं आहे. आमचं मूल तसं नाही. ते आजीशी कानडीत, किराणा दुकानात मराठीत आणि खेळताना दखनीत बोलतं. त्याला 'तुझं माध्यम कुठलं' विचारून उपयोग नाही.

माझं म्हणणं असं आहे. पहिली-दुसरीत घरची बोली वर्गात मोकळेपणी येऊ द्यावी, शिक्षकाने ती स्वतः बोलावी आणि तिच्याच आधाराने प्रमाण मराठी शिकवावी. तुमच्याकडे काय होतं ते वाचायला आवडेल.

निपाणीकर

उत्तम धागा, ताई. आमच्या निपाणीत हे सगळं रोजचं आहे, फक्त पारडं उलट. आमच्याकडे घरची भाषा बहुतेकांची मराठी, सरकार कर्नाटकाचं.

साहित्याबद्दल एक भर घालतो. महादेव मोरे आमच्या गावचे. पिठाची गिरणी चालवत त्यांनी आयुष्यभर लिहिलं. तंबाखूच्या वखारीतल्या बाया, गॅरेजमधली पोरं, ड्रायव्हर-क्लीनर यांची बोली त्यांनी जशी ऐकली तशी कागदावर ठेवली. तीत कानडी शब्द येतात ते चव आणायला टाकलेले नाहीत, ती माणसं तसंच बोलतात. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, 'हे आमचंच बोलणं आहे' असं म्हणेल. पण शाळेत असताना त्यांची एक ओळसुद्धा आम्हाला कुणी वाचून दाखवली नाही. पुस्तकातली मराठी पुण्याची, बोलायची मराठी निपाणीची, आणि गावात लेखक राहतो हे आम्हाला कॉलेजला गेल्यावर कळलं.

१९८१ चं तंबाखू आंदोलन ज्यांनी बघितलं त्यांच्याकडून ऐकलं आहे. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी हायवेवर बसले होते, मराठी आणि कानडी दोन्ही. भाव मागताना कुणाला दुभाषा लागला नाही.

शुद्धमती

सगळं भावपूर्ण आहे, पण मी स्पष्टच विरोधी मत मांडते. मी स्पर्धा परीक्षांचे मराठी पेपर तपासले आहेत. 'बस आलं' लिहिलं की गुण जातात. तपासणाऱ्याला मुलाची आजी कुठली भाषा बोलते ते ठाऊक नसतं आणि ठाऊक असण्याचं कारणही नाही.

घरची बोली मुलाला घरी मिळतेच. प्रमाण भाषा मात्र गरीब मुलाला फक्त शाळेत मिळते. पुस्तकं, वर्तमानपत्रं, बोलणारे नातेवाईक हे श्रीमंताच्या घरी असतं. शाळेचे ते मोजके तासही तुम्ही बोलीला देणार असाल, तर त्या मुलाकडून त्याची एकमेव संधी काढून घेता आहात. बोलीचं कौतुक करणारे बहुतेक जण स्वतः उत्तम प्रमाण मराठी लिहितात, हेही बघा. या धाग्यावरचे आतापर्यंतचे दोन्ही प्रतिसाद प्रमाण मराठीतच आहेत.

कथाकादंबऱ्यांची गोष्ट वेगळी. लेखकाला प्रमाण येत असतं आणि तो ठरवून ते मोडतो. पहिलीच्या मुलाला मोडायला अजून काही मिळालेलंच नाही.

बोरीकाठ

@शुद्धमती, तुमचा शेवटचा मुद्दा मला खरंच महत्त्वाचा वाटतो. मुक्कामाबद्दल आपलं दुमत नाही. चौथी संपताना माझ्या मुलाला 'बस आली' लिहिता आलंच पाहिजे, नाही आलं तर तो माझा दोष. मतभेद रस्त्याबद्दल आहे.

तुम्ही म्हणता शाळेचे तास मोजके आहेत. म्हणूनच ते मौनात घालवायचे नाहीत. सक्तीच्या मराठीत पहिल्या वर्षी मूल जे बोलतं ते 'होय बाई', 'नाही बाई' आणि 'पाणी प्यायला जाऊ' एवढंच असतं. परिसर अभ्यासाच्या तासाला विहिरीबद्दल विचारलं तर ज्या मुलाचा बाप विहिरी खोदतो ते मूल खाली मान घालून बसतं. कानडीत सांग म्हटलं की पाच मिनिटं थांबत नाही. मग त्यातलीच दोन वाक्यं आम्ही सगळे मिळून मराठीत करतो. ती दोन वाक्यं त्याची असतात, पाठ्यपुस्तकाची नसतात, म्हणून टिकतात.

परीक्षेपुरतं बोलायचं तर जे मूल नियमाचा फरक समजून 'आली' म्हणतं ते नव्या शब्दालाही तो नियम लावतं. ओरडा खाऊन 'आली' म्हणणारं मूल फक्त बसपुरतं शिकतं.

टिळकवाडी

बोरीकाठताई, तुमच्या कळकळीबद्दल आदर आहे. पण बेळगावातून हे वाचताना माझ्या मनात जे येतं ते लिहिलं नाही तर प्रामाणिकपणा होणार नाही.

सरमिसळ आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. 'काय करूलालास?', 'जेवूलालोय' हे आमचं मराठी आहे. अक्का, आण्णा, अव्वा म्हणतच आम्ही मोठे झालो. लंपनच्या गोष्टी वाचताना पुण्याच्या मित्रांना त्यातली हाकांची, नावांची, बोलण्याची कानडी वळणं अपूर्वाईची वाटतात. मला ती माझ्या गल्लीतली वाटतात. प्रकाश नारायण संतांनी त्या मुलाला कुठेही शुद्ध करून घेतलं नाही, म्हणून तो इतका खरा आहे.

पण आमच्याकडे 'मिसळू द्या की, काय बिघडलं' हे वाक्य अनेकदा वरून येतं. मे १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली इथे साहित्य संमेलन झालं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव इथेच झाला. दहा वर्षांनी राज्यं झाली आणि आम्ही पलीकडे राहिलो. २०१४ मध्ये शहराचं नाव बदललं. शेताचा उतारा कानडीत, नोटीस कानडीत, बसची पाटी कानडीत. माझे वडील मराठी उत्तम वाचायचे, पण स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. कडोली, येळ्ळूर, उचगावसारखी गावं दरवर्षी स्वतःच्या पैशाने साहित्य संमेलन भरवतात ती हौस म्हणून नाही. मराठी वाचणारं मूल पुढच्या पिढीत उरावं म्हणून.

त्यामुळे मी वेगळं करून बघते. शेजारणीशी बोलताना माझ्या मराठीत कानडी येते, तेव्हा मला काही गमावल्यासारखं वाटत नाही. कार्यालयात माझी भाषा चालत नाही म्हणून ती बोलावी लागते, तेव्हा वाटतं. दोन्हीला 'सरमिसळ' हा एकच शब्द वापरू नका, एवढीच विनंती.

जतकर

टिळकवाडी ताईंनी लिहिलं त्याचं आरशातलं रूप माझ्याकडे आहे. मी जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळेत शिक्षक आहे. राज्य महाराष्ट्राचं, माध्यम कानडी, पुस्तकं बालभारतीची. बाहेरच्या लोकांना हे ऐकूनच नवल वाटतं. बालभारती कन्नड, तेलुगू, उर्दू, गुजराती माध्यमांचीही पुस्तकं छापते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

आमच्या मुलांची अडचण दहावीनंतर सुरू होते. सांगलीला गेलं तर सगळं मराठी किंवा इंग्रजी. विजयपूरला गेलं तर भाषा सोपी पण दाखले महाराष्ट्राचे. पहिलीपासून मराठी नीट शिकवलं असतं तर निम्मी अडचण राहिली नसती. आणि ते नीट शिकवायला दोन्ही भाषा येणारा शिक्षक लागतो. बदल्यांच्या वेळी 'या माणसाला कानडी येते का' हे बघितलंच जाईल याची खात्री नसते. कोकणातून आलेला माझा एक सहकारी पहिले काही महिने पोरांशी खुणांनी बोलत होता. भला माणूस, त्याचा काय दोष?

आमच्या तालुक्याचं नाव एरवी बातमीत येत नाही. २०१२ मध्ये पाणीटंचाईला कंटाळून काही ग्रामपंचायतींनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच ठरावांचा आधार घेऊन कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी आमच्या चाळीस गावांवर दावा सांगितला, तेव्हा महिनाभर इथे कॅमेरे होते. मागणी पाण्याची होती, चर्चा भाषेची झाली. गुड्डापूरच्या दानम्मा देवीला दोन्हीकडचे लोक चालत येतात, प्रसादाच्या रांगेत दोन्ही भाषा ऐकू येतात. त्यावर कुणी कॅमेरा लावला नाही.

ताईंचा आकड्यांचा अनुभव शंभर टक्के खरा. माझ्याकडे तोच उलटा येतो. कानडीत सुरळीत मोजणारी पोरं मराठीच्या तासाला एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नासला अडखळतात. 'तीस व्हायला एक कमी' हे त्यांना कुणी उलगडून सांगितलेलंच नसतं. मी आता आधी वजाबाकी शिकवतो, मग हे शब्द.

इंद्रावती

सर्वांचं वाचलं. मी गडचिरोलीतल्या भामरागड भागात काम करते. तुमच्या चर्चेत दोन राज्यभाषांमधला ताण आहे. आमच्याकडे छत्तीसगड नदीपलीकडे, तेलंगणही लांब नाही, आणि मुलाची भाषा यांपैकी कुणाचीच नाही. ती माडिया, गोंडीच्या कुळातली. सिरोंच्याकडे गेलात तर घरोघरी तेलुगू ऐकू येते. नकाशात सगळं 'मराठी भाषक जिल्हा'.

माडिया मुलाला मराठी शाळेत कानडी मुलाइतकाही आधार नसतो, कारण त्याच्या भाषेचं पुस्तक नाही, वर्तमानपत्र नाही, पाटी नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांच्या वर आहेत आणि ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी शाळा काढली. पोरं आपल्या भाषेत शिकू लागली, आणि मान्यता नाही म्हणून शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली. ज्या कायद्याचं कलम २९ बोरीकाठ यांनी वर दिलं, त्याच कायद्याचा आधार घेऊन.

साहित्यात म्हणाल तर पश्चिमेकडे वाहरू सोनवणे यांनी 'गोधड'मध्ये भिलीत आणि मराठीत कविता लिहिल्या. भिली कविता भिली म्हणून छापली गेली, हे फार मोठं काम आहे. आमच्या पोरांना तसं माडियात लिहिलेलं काही हातात मिळालं तर शाळेबद्दलचं त्यांचं मत बदलतं, हे मी बघितलं आहे. एका मुलाने घरच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली, आम्ही ती देवनागरीत माडिया लिहून खाली मराठी दिली. तो कागद त्याने घरी नेला, वडिलांना वाचून दाखवला. वडिलांना कुठलीच लिपी येत नव्हती, पण गोष्ट कळली.

टिळकवाडी

@इंद्रावती, हे मी कधी अशा बाजूने पाहिलं नव्हतं. आमच्या मागे निदान एक राज्य, एक साहित्य परंपरा, आमची वर्तमानपत्रं आहेत.

मांडवीतीर

गोव्यातून थोडक्यात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान राहिलं. १९९० पासून प्राथमिक शाळांचं अनुदान मातृभाषेतून शिकवणाऱ्या शाळांना होतं, २०११ मध्ये ते इंग्रजी शाळांनाही देण्याचा निर्णय झाला, त्यावरून आजही वाद आहे. घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी असा प्रवास माझ्या पिढीतल्या हजारोंनी केला. आमच्या बाईंनी वर्गात कोंकणीतून समजावलं आणि मराठीतून लिहून घेतलं. त्याला कुणी पद्धत वगैरे म्हणत नव्हतं.

हुलजंती

मी मंगळवेढ्याकडचा, धनगर समाजातला. दिवाळीत आमच्या हुलजंतीला महालिंगरायाच्या यात्रेत पालख्यांच्या भेटी होतात, महाराष्ट्र-कर्नाटक दोन्हीकडून लोक येतात. आमच्या ओव्यांत एक कडवं मराठी आणि पुढचं कानडी असतं. गाणारा म्हातारा कधी ठरवून बदलत नाही, कथा जिथे गेली तिथली भाषा येते. देव कानडी मुलखातून निघाला तर कानडी, भीमा ओलांडली की मराठी. यल्लम्माच्या जोगत्यांच्या चौंडक्याच्या गाण्यांतही तसंच ऐकलं आहे.

मला शाळेत मराठी ओव्या शिकवल्या, जात्यावरच्या. छान होत्या. पण माझा आजा रात्रभर गायचा ते 'साहित्य' आहे, हे मला गुंथर सोन्थायमर नावाचा जर्मन अभ्यासक धनगरांमध्ये राहून काम करून गेला हे वाचल्यावर समजलं. आमच्या मास्तरांना आमच्या घरी येऊन बसायला काय अडचण होती? यात्रेला तर तेही यायचे.

बोरीकाठ मॅडम, तुम्ही पोरांच्या आज्यांना वर्गात बोलवा. एक तास गाऊ द्या.

शुद्धमती

हुलजंती यांचा प्रतिसाद वाचून थांबले. या गोष्टी पाठ्यपुस्तकात असायलाच हव्यात, त्याला माझा कधीच विरोध नव्हता.

तरी माझी शंका शिल्लक आहे आणि ती मी सोडणार नाही. चांगला शिक्षक असेल तर ही पद्धत चालेल, बोरीकाठ आणि जतकर सर यांच्या वर्गात ती चालते हे मला पटलं. पण दोन्ही भाषा न येणारा, बदलून आलेला शिक्षक 'घरची बोली वापरा' या आदेशाचं काय करेल? मुलांना आपापसांत बोलू देईल आणि स्वतः वही तपासत बसेल. तिथे दोन्ही जाईल. ज्या सूचनेचं यश एकेका शिक्षकावर अवलंबून आहे, ती परिपत्रकात घालणं धोक्याचं आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला आणि जूनच्या अखेरीस मागे घेतला गेला. मधल्या दोन महिन्यांत, शिकवणार कोण, या प्रश्नाला नीट उत्तर कुणाकडेच नव्हतं.

जतकर

@शुद्धमती, हे अगदी मान्य. म्हणून माझी मागणी परिपत्रकाची नाही, नेमणुकीची आहे. सीमेवरच्या तालुक्यांत पहिली-दुसरीला तरी गावची भाषा येणारा माणूस द्या. पात्र असून घरी बसलेली स्थानिक पोरं आमच्याकडे भरपूर आहेत. तेवढं जमत नसेल तर बदलून येणाऱ्याला उन्हाळ्यात महिनाभर कामापुरती कानडी शिकवा. मोजणं, नाती, शरीराचे अवयव, 'दुखतंय का', 'भूक लागली का', 'पुन्हा सांग'. 'यल्ली नोव' म्हणजे 'कुठे दुखतंय' एवढंही न येणारा माणूस सहा वर्षांच्या पोरांसमोर उभा करणं बरोबर नाही. मराठी-कानडीचा वाद यात कुठेच येत नाही.

निपाणीकर

आणि आमच्या बाजूच्या मराठी शाळांत हेच उलट हवं. कानडी विषय शिकवायला येणाऱ्या शिक्षकाला मराठी यावं. आम्हाला कानडी शिकवणारे सर फक्त कानडीत बोलायचे. दहावीला पास झालो, बोलायला शिकलो ते बाजारात.

बोरीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. टिळकवाडी ताईंनी केलेला फरक मी इथून पुढे लक्षात ठेवूनच बोलेन. मी ज्याबद्दल लिहिते आहे ते शिकवण्यापुरतं आहे, कार्यालयातल्या सक्तीचं समर्थन त्यातून निघू नये.

हुलजंती दादा, तुमची सूचना मुख्याध्यापकांशी बोलले. गावातल्या एक आजी कानडीत बाळंतपणाची आणि पेरणीची गाणी म्हणतात, त्या यायला तयार आहेत. मुलं ती कानडीत ऐकतील, त्यांचा मराठी अर्थ वहीत लिहितील. अर्थ लिहिताना तो-ती-ते चुकेल, तेव्हा फळ्यावरची तीन घरं आहेतच.

शुद्धमती, तुमची शंका रास्त आहे आणि मोजून बघण्यासारखी आहे. माझी आताची दुसरी पुढे चौथीत जाईपर्यंत मी त्यांचं लेखन जपून ठेवते, वर्षातून दोनदा एकाच विषयावर लिहून घेईन. मुलांची नावं झाकून ते कागद तुम्हाला पाठवले तर परीक्षेच्या पेपरासारखे कडक तपासून द्याल का?

शुद्धमती

देईन. सवलतीचा एकही गुण न देता. विषय 'आमची विहीर' ठेवा.